तेल घाण्याचं असलं तरी परत परत तापवायचं नसतं

फोंड्याच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज चौथ्यांदा फिरून आलाय: रिफाइंड तेल ४०० डिग्रीला सात वेळा उकळतात, त्याचं प्लास्टिक होतं, आणि घाण्याचं तेल कितीदाही तापवा, काही होत नाही. हे शेवटचं आईने मनावर घेतलंय, म्हणून लिहितोय.

चवथीच्या नेवऱ्या तळून उरलेलं खोबरेल तिने टोपात झाकून ठेवलं, मग त्यातच भजी, मग पुऱ्या, परवा बघितलं तर तेल काळपट चिकट, तळाला जळक्या पिठाचा गाळ, गॅसवर ठेवताच फेस आणि डोळ्यांना झोंबणारा धूर. विचारलं तर म्हणे, "घाण्याचं आहे रे, शुद्ध!" अगं, तेल कुठलंही असो, १७०-१८० डिग्रीला उघड्या हवेत, ओल्या पिठासोबत परत परत तळलं की ते बिघडतंच, त्यात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ, वाढत जातात. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, १ जुलै २०१८ पासून हॉटेलवाल्यांना याची २५ टक्क्यांची मर्यादा घातलीय, त्यात घाण्याच्या तेलाला सूट नाही. उलट रिफाइन न केलेलं खोबरेल १७५ च्या आसपासच धुरायला लागतं, रिफाइंड त्याच्यापेक्षा जास्त टिकतं.

आता ते ४०० डिग्री. सव्वातीनशेच्या आसपासच तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते, मग ४०० ला कारखान्यात तेल उरेल कुठून? चिकटा आणि आम्ल काढायचं काम ६० ते ९० डिग्रीत होतं, मातीने रंग काढणं शंभरच्या आगेमागे. सगळ्यात जास्त तापमान शेवटी वास काढताना, १८० ते २६०, तेही बंद टाकीत हवा ओढून घेऊन आणि आत वाफ सोडून, म्हणजे वासाचे पदार्थ कमी उष्णतेत उडून जातात आणि हवा नसल्याने तेल जळत नाही. प्लास्टिक वगैरे काही होत नाही, ते रसायनच वेगळं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. वास काढताना तापमान साधारण २०० च्या वर गेलं की ग्लिसिडिल एस्टर (कर्करोगाचा धोका असलेली रसायनं) बनायला लागतात, फार तापलं तर थोडे ट्रान्स फॅटही. ग्लिसिडिल एस्टरचं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली मांडलंय, आणि पामतेलात ते सगळ्यात जास्त सापडले. म्हणजे काळजीचं कारण आहे, पण ते मेसेजमध्ये लिहिलंय ते नव्हे.

हुमणात (माशांच्या आमटीत) मलाही घाण्याचंच खोबरेल लागतं, त्याबद्दल वाद नाही. टोपातलं तेल मी काल टाकून दिलं, तेव्हापासून आई बोलत नाहीये. मावशी, तू तिला फोन कर, तुझं ती ऐकते.