रॉकीभाई भूगोलाच्या तासाला आला तर बिघडलं कुठे?

वर्गात सिनेमाचं नाव काढलं की “मॅडम, पोरं आधीच मोबाईलमध्ये बुडालीत, तुम्ही अजून खतपाणी घाला” असं ऐकवणारे भेटतातच. त्यांची काळजी खोटी नाही. तरीही माझं मत ठाम आहे: आमच्या साक्री-नंदुरबार पट्ट्यातल्या पोरांना विज्ञान-भूगोल शिकवायचा तर त्यांनी आवडीने जे पाहिलंय तिथूनच सुरुवात करावी.

खनिजांच्या धड्यात कोलारची सोन्याची खाण एका ओळीत उरकते. ‘केजीएफ’ (कोलार गोल्ड फील्ड्स), म्हणजे रॉकीभाईचा सिनेमा म्हणा, मागच्या बाकापर्यंत सगळ्या माना वर होतात. ती जागा खरोखर कर्नाटकात आहे, हेच अनेकांना माहीत नसतं. मग सांगत जावं. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. खोल जाल तसा दगड तापत जातो, तिथे तळाशी ६० अंशांच्या पुढे. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या पोरांना हा आकडा समजावून द्यावा लागत नाही. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रम इथे वीज तयार करून ती तारांवरून या खाणींना पुरवली गेली. आणि माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच खाणीत वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांची नोंद घेतली. एवढं खोल कशाला उतरायचं? बाकीचे कण वरच्या दगडात अडतात, न्यूट्रिनो आरपार येतो, म्हणून. आठवीच्या पोरांना हे कळतं, मी शिकवलंय.

पण खरा तास रंगला तो एका पोराच्या प्रश्नाने: “मॅडम, आपला डोंगरमा सोनं काबर नही?” (आपल्या डोंगरात सोनं का नाही?)

कोलारचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, जेमतेम साडेसहा कोटींचा, ज्वालामुखीतून आलेला. धुळे-नंदुरबार भागात हा शिलारस (वितळलेला खडक) जमिनीच्या लांबलचक भेगांमध्ये शिरून गोठला. आजूबाजूचा खडक झिजला आणि या काळ्या दगडाच्या भिंती उभ्या राहिल्या, साधारण पूर्व-पश्चिम, किलोमीटरच्या किलोमीटर सरळ. एसटीच्या खिडकीतून त्या दिसतात, पोरं त्यांवर शेळ्या चारतात. दुसऱ्या दिवशी दप्तरांतून दगड आले. भिंतीच्या कडेचा तुकडा अगदी बारीक कणांचा. मधल्या तुकड्यात भिंगाखाली स्फटिक चमकले. कडेचा शिलारस थंड खडकाला टेकून झटकन गोठला, मधला सावकाश निवला, म्हणून तिथे स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. हे उत्तर मी दिलं नाही, भिंग हातातून हातात फिरता फिरता पोरांनीच काढलं. सोन्याचा विषय कधीच मागे पडला होता.

सिनेमात खोटं काय, तेही त्याच तासाला सांगायला हवं. पडद्यावर स्वातंत्र्यानंतरही तिथे गुलाम राबतात. प्रत्यक्षात १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या होत्या, १९७२ पासून त्या भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीकडे होत्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. एवढं सांगायची तयारी नसेल तर सिनेमाचं नाव वर्गात घेऊच नये. रक्तचंदनाच्या तस्करीवरच्या ‘पुष्पा’ सिनेमाचंही तेच. रक्तचंदन नैसर्गिकरीत्या वाढतं ते मुख्यतः आंध्रातल्या शेषाचलम आणि आसपासच्या डोंगरांत. त्याचा गाभा पाण्याहून जड असतो. मग ओंडका नदीत टाकला तर तरंगेल का, असं विचारलं की घनतेचा धडा आपोआप सुरू होतो. त्याच वेळी तस्करीने जंगलाचं काय होतं, हेही मी स्पष्ट बोलते. तिथे हिरोची बाजू घेत नाही.

मी वर्गात सिनेमा लावत नाही, प्रोजेक्टरही लागत नाही. पोरांनी पाहिलेलं असतं, तेवढं पुरतं.

आता माझं लक्ष यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांकडे आहे. किती गाणी आपल्याच शेतांत, नाल्यांत, डोंगरांवर चित्रित झालेली! नाचणाऱ्यांच्या मागे कोणता खडक आहे, पाणी कुठून येतंय, पीक कोणतं, हे विचारायला सुरुवात करायची आहे. रावेर, शिरपूर, चोपड्याच्या शिक्षकांनो, तुमच्या पोरांच्या तोंडी सध्या कोणतं गाणं आहे आणि ते कुठे चित्रित झालंय, खाली लिहा.