शेतीपंपांच्या फुकट विजेमुळे तुमचं बिल वाढतं का?

उन्हाळ्याची बिलं आली की एक मेसेज सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर हमखास फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच असतात. शेतकऱ्याला वीज फुकट आणि तिचं बिल प्रामाणिकपणे पैसे भरणारे तुम्ही भरता. राज्यातली निम्मी वीज शेतीच खाते. फुकट आहे म्हणून मोटारी रात्रंदिवस चालू असतात. त्यात तारांवर आकडे टाकून चोरी आणि हजारो कोटींची थकबाकी. शेवटी सल्ला: हे लाड बंद करा, तुमचं बिल निम्म्यावर येईल.

बिल वाढल्याचा राग खोटा नाही. पण हा मेसेज तो राग चुकीच्या दारात नेऊन सोडतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

"शेतकऱ्याचं बिल तुम्ही भरता"

हा मेसेज मुंबईतही तितक्याच जोरात फिरतो. मुंबई शहरात वीज देते बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा. भांडुप-मुलुंडचा भाग तेवढा महावितरणकडे आहे. या प्रत्येक कंपनीचा हिशेब वीज नियामक आयोगापुढे स्वतंत्र मांडला जातो आणि दर स्वतंत्र ठरतो. दादरच्या किंवा अंधेरीच्या ग्राहकाच्या दरात जालन्याच्या विहिरीवरच्या मोटारीचा भार येतच नाही. तरीही ३१ मार्च २०२३ च्या आदेशांनंतर मुंबईच्या तिन्ही कंपन्यांचे दर वाढले, महावितरणचेही वाढले. शेतीपंप हेच दरवाढीचं कारण असेल, तर जिथे शेतीच नाही तिथे दर कशामुळे वाढले?

आता महावितरणच्या ग्राहकांकडे येऊ. 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने'चा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज, लाभार्थी सुमारे ४४ लाख शेतकरी. यासाठी राज्य सरकारने महावितरणला वर्षाला १४,७६० कोटी रुपये द्यायचे आहेत. त्यातले ६,९८५ कोटी आधीपासून चालत आलेल्या दरसवलतीचे, ७,७७५ कोटी नव्या माफीचे. म्हणजे 'फुकट' या शब्दामागचा खर्च तुमच्या वीजबिलातून नाही, राज्याच्या अर्थसंकल्पातून जातो. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. सरकारने ती उशिरा दिली, तर कंपनीला कर्ज काढावं लागतं आणि त्याचं व्याज पुढे सगळ्यांच्या दरात येतं. या दिरंगाईवर जरूर बोट ठेवा, पण ती मंत्रालयातली आहे, बांधावरची नाही.

अर्थसंकल्पातला पैसाही आपलाच, हे खरं. पण तो शेतकऱ्याचाही आहे. खत, पाइप, मोटार, डिझेल यांवरचा कर तोही भरतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आयोग शेतीसाठी जो दर ठरवतो तोच मुळात पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी असतो. हा फरक सरकार भरत नाही, इतर ग्राहक भरतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तिचा मोठा भार उद्योग आणि व्यापारी ग्राहकांवर पडतो, काही वरच्या टप्प्यातल्या घरगुती ग्राहकांवर. आपले कारखानदार दराबद्दल ओरडतात ते उगाच नाही. पण याच क्रॉस सबसिडीवर महिन्याला १०० युनिटांच्या आत राहणारी शहरातली लाखो घरंही चालतात. त्यांचाही दर खर्चापेक्षा कमी असतो. चाळीतलं, वन रूम किचनमधलं ते कुटुंब मेसेजमध्ये कधी दिसत नाही. दिसतो फक्त शेतकरी.

"निम्मी वीज शेती खाते"

शासन निर्णयातच आकडा आहे: महावितरणच्या ग्राहकांत शेतीपंप सुमारे १६ टक्के आणि वीज वापरात शेतीचा वाटा सुमारे ३० टक्के. निम्मी हा आकडा मेसेज लिहिणाऱ्याच्या मनातला आहे.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. हे ३० टक्के तरी कोणी मोजले?

लाखो शेतीपंपांना मीटर नाही. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. ज्यांना मीटर आहेत त्यांतल्या कित्येकांचं रीडिंग वेळच्या वेळी घेतलं जात नाही. मग शेतीचा वापर ठरतो अंदाजाने. कंपनीला किती वीज मिळाली हे माहीत असतं, मीटरवर किती विकली हेही माहीत असतं. मधल्या फरकात शेतीचा वापर असतो, तारांमधली गळती असते आणि चोरी असते. यातलं किती शेतीच्या नावे टाकायचं, हे गृहीतकावर ठरतं. शेतीचा आकडा जेवढा फुगवाल तेवढी गळती कमी दिसते, कारभार चांगला दिसतो आणि सरकारकडून मिळायचं अनुदानही वाढतं.

तुम्ही स्वतः हिशेब करून बघा. शेतीपंप ग्राहक सुमारे ४७.४ लाख, वर्षाचा वापर सुमारे ३९ हजार दशलक्ष युनिट. म्हणजे एका पंपाला वर्षाला सव्वाआठ हजार युनिट. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना ताशी साडेचार युनिट खाते असं सढळ हाताने धरलं, तरी अठराशे तास होतात. दिवसाला आठ तास वीज मिळते असं धरलं तर वर्षातले सव्वादोनशेहून अधिक दिवस, एक मिनिटही खंड न पडता, प्रत्येक पंप चालला पाहिजे. पावसाळ्याचे तीन-चार महिने मोटार बंद असते. मराठवाड्यातली, नगर-सोलापूरच्या पठारावरची विहीर फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवते, मग मोटार दिवसाला तासभर चालते आणि पाणी गोळा होण्याची वाट बघत बसावं लागतं. या आकड्यात उपसा योजनांचे मोठे पंपही आहेत, हे धरूनसुद्धा सरासरी पटत नाही. बारमाही उसाच्या पट्ट्यात इतके तास भरतीलही, पण अख्खा महाराष्ट्र म्हणजे कृष्णाकाठ नव्हे.

हा एकट्या माझ्या मनातला संशय नाही. पुण्याची 'प्रयास' ही वीज क्षेत्राचा अभ्यास करणारी संस्था आणि इचलकरंजीचे वीज ग्राहकांचे नेते प्रताप होगाडे यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं आयोगापुढे लावून धरला. राज्य सरकारने सत्यशोधन समिती नेमली, आयआयटी मुंबईने पाहणी केली. अखेर ३० मार्च २०२० च्या आदेशात आयोगानेच महावितरणने दाखवलेली शेतीची विक्री कमी धरली आणि गळती वाढवून धरली. तीन अश्वशक्तीच्या पंपाला पाचचं बिल येतं, ही शेतकऱ्यांची तक्रार तर इतकी जुनी आहे की गावोगाव लोकांना ती पाठ झाली आहे.

म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेल्या विजेतली काही वीज त्याच्या मोटारीपर्यंत पोचलेलीच नाही. मेसेजचा सगळा डोलारा याच खात्यावर उभा आहे.

"फुकट म्हणून रात्रंदिवस मोटारी चालू"

हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा जानेवारीत जुन्नर, आंबेगाव किंवा शिरूरच्या शिवारात रात्री बाराला जाऊन उभं राहावं.

सौर वीज अजून पोचलेली नाही अशा शेतीच्या फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला, थ्री फेज वीज पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की अंगावर घोंगडी किंवा स्वेटर, हातात बॅटरी आणि काठी घेऊन माणूस दारं धरायला जातो. एक वाफा भरला की दार मोडायचं, पाणी पुढच्या सरीत घ्यायचं, पुन्हा थांबायचं. चारही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. एकट्याने जायची हिंमत नसते, म्हणून बायको किंवा पोरगा बरोबर येतो. सापाचं भय वेगळंच. दिवसा वीज द्या, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टींनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं होतं. वीज फुकट द्या अशी ती मागणी नव्हती, माणसाला जागता येईल अशा वेळी द्या, एवढीच होती.

रात्री वीज आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकाच क्षणी मोटारी उचलायला बघतात. दाब इतका पडतो की मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. स्टार्टर ट्रिप होतो, नाहीतर वाइंडिंग जळतं, आणि ते भरून घ्यायला हजारो रुपये जातात. पुढे कधीतरी डीपीच, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मरच, जळतो. ग्रामीण भागात ती ४८ तासांत बदलून मिळावी असा आयोगाचा नियम आहे. ऐन गहू-हरभऱ्याच्या पाण्याला आठ-दहा दिवस डीपी न मिळाल्याच्या आणि वर्गणी काढून टेम्पो केल्याच्या गोष्टी कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतील. हे सगळे पैसे बिलात दिसत नाहीत, पण शेतकरी विजेपायी ते मोजतो.

अर्थशास्त्राच्या बाजूनेही इथे एक मुद्दा आहे. मध्यरात्री शहरातली आणि बाजारातली मागणी उतरलेली असते. औष्णिक संच पूर्ण बंद करता येत नाहीत. त्या वेळी शेतीला ढकललेली वीज संध्याकाळी सातच्या विजेइतकी महाग नसते. तरीही शेतीची क्रॉस सबसिडी मोजताना तिच्यावर सरासरी खर्च लावला जातो. ज्या वेळी कोणालाच नको ती वीज, तीही अधूनमधून खंडित होणारी, तिला चोवीस तासांच्या अखंड पुरवठ्याचा भाव लावणं हे मला न्याय्य वाटत नाही.

"चोरी आणि थकबाकी"

चोरी शेतीत होते. आकडे पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण महावितरणला भिवंडी २००७ मध्ये आणि मुंब्रा-शीळ-कळवा २०२० मध्ये खासगी फ्रँचायझीकडे द्यावं लागलं ते तिथली गळती आणि वसुली हाताबाहेर गेली म्हणून. तिथे यंत्रमाग आहेत, दाट वस्ती आहे, ऊस नाही.

थकबाकीचा आकडा मोठा आहे, पण तो कशाचा बनला ते बघा. २०२० च्या कृषिपंप धोरणात सुमारे ४५ हजार कोटींच्या थकबाकीतून निर्लेखन (म्हणजे हिशेबातून काढून टाकलेली रक्कम), व्याज आणि विलंब आकार मिळून जवळपास १५ हजार कोटी वगळावे लागले. बिलं दुरुस्त करून देण्याची सोयही त्यातच ठेवावी लागली. न वापरलेल्या विजेचं बिल, त्यावर व्याज, व्याजावर दंड, असा हा डोंगर आहे. गावोगावच्या पथदिव्यांची थकबाकीही हजारो कोटींची आहे आणि ती सरकारी यंत्रणेचीच आहे.

"बंद करा, बिल निम्म्यावर येईल"

आता स्वतःचं बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. आधीचे आकार मिळून २,००० रुपये झाले असतील तर ३२० रुपये वीज शुल्काचे. ते थेट राज्याच्या तिजोरीत जातात, महावितरणकडेही राहत नाहीत. दुकानदाराला हेच शुल्क २१ टक्के आहे. दर स्वस्त करा म्हणणाऱ्या किती पक्षांनी हे कमी करण्याचं वचन दिलं?

महावितरणच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीज खरेदीचा आहे. त्यात कोळसा आहे, रेल्वेचं भाडं आहे, आणि संच बंद ठेवला तरी करारानुसार द्यावा लागणारा स्थिर आकार आहे. मागणीचे अंदाज फुगवून केलेले करार आपण कितीतरी वर्षं फेडतो. दाभोळचं एन्रॉन आठवा. २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला तेव्हा महावितरणच्या आधीच्या राज्य वीज मंडळाचं कंबरडं मोडलं होतं, आणि त्यात कुठल्याही शेतकऱ्याची सही नव्हती. उद्या सगळे शेतीपंप बंद केले तरी हे स्थिर आकार तसेच राहतील आणि ते उरलेल्या ग्राहकांत वाटले जातील.

फुकट विजेवर माझाही आक्षेप आहे, पण तो वेगळा आहे. ज्याच्याकडे विहीर, बोअर आणि जोडणी आहे त्यालाच तिचा लाभ होतो. महाराष्ट्रातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे आणि त्या शेतकऱ्याच्या पदरात या १४,७६० कोटींतला एक रुपयाही पडत नाही. भूजल उपशाला लगाम राहत नाही, हेही खरं. शिवाय अशी घोषणा टिकेल याचा भरवसा नाही. २००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीला मोफत वीज दिली आणि निवडणुकीनंतर वर्षभरात ती मागे घेतली गेली.

त्यापेक्षा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला जास्त मोलाची वाटते. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आता उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचं आहे. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प, तिथून थेट कृषी फिडरला वीज, युनिटला सुमारे तीन रुपये. शेतकऱ्याला वीज दिवसा मिळते, पारेषणाचा खर्च वाचतो, आणि क्रॉस सबसिडीचं ओझंही हलकं होण्याची शक्यता आहे. शहरातल्या ग्राहकाने आणि शेतकऱ्याने एकत्र येऊन धसास लावावा असा हा विषय आहे. आपल्या तालुक्यातला प्रकल्प कुठे अडला आहे, जमिनीत की जोडणीत, ते विचारा.

आणि दुसरी मागणी हिशेबाची. पुरवठा मीटरनेच झाला पाहिजे, असं वीज कायद्याचं कलम ५५ सांगतं. वीस वर्षं उलटली, तरी लाखो पंप बिनमीटरचे आहेत. प्रत्येक पंपाला मीटर बसेल तेव्हा बसेल. पण गावठाण आणि शेतीचे फिडर जिथे वेगळे झाले आहेत, तिथे कृषी फिडरचा मीटर उपकेंद्रातच असतो. त्यावर महिन्याला किती युनिट गेले आणि त्या फिडरवरच्या पंपांच्या नावे किती लिहिले गेले, हे दोन आकडे फिडरनिहाय जाहीर करा, अशी सूचना-हरकत आयोगाच्या पुढच्या दर सुनावणीत कोणीही ग्राहक लेखी देऊ शकतो.