आर. आर. आबांवरचं ते फॉरवर्ड

मामांनी आईला माजी गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणजे आबांवरचं एक फॉरवर्ड पाठवलं आणि आई मला विचारते, खरंय का रे हे? आमचं गाव तासगाव तालुक्यातलं, तिने सगळं डोळ्याने बघितलंय, तरी तिला शंका आली म्हणून लिहितोय.

म्हणे आबा वरून लादलेले. अहो 1979 पासून जिल्हा परिषदेत होते, 1990 ला आमदार झाले ते सलग सहा वेळा. लादलेला माणूस सहा वेळा निवडून येतो का?

म्हणे डान्सबारबंदी नुसती घोषणा, कायदा झालाच नाही. 2005 ला मुंबई पोलीस कायद्यात 33अ आणि 33ब कलमं घातली, हायकोर्टाने 2006 ला ती रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने जुलै 2013 ला तेच कायम केलं. कायदाच नव्हता तर कोर्टाने रद्द काय केलं? हां, थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट दिली होती, तिथेच तो अडकला, ही चूक मान्य.

पण सगळ्यात संताप आला तो ग्रामस्वच्छता अभियानाच्या ओळीवर. "केंद्राच्या निर्मल ग्रामची कॉपी, पैसे वाटून संडास बांधले." स्वच्छ गावांसाठीचा केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर झाला 2003 ला, आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं 2000 ला! आणि पैसे कुठले? आधी काहीच मिळत नव्हतं, गावाने श्रमदान करायचं, मग तपासणीला कमिटी यायची आणि नंबर आला तरच बक्षीस. आमच्या आळीतल्या बायका पहाटे खराटे घेऊन बाहेर पडायच्या, त्यात आई होती, गटारं पुरुषांनी उपसली, उकिरडे हलवले, आमच्या गावाला तर बक्षीसही मिळालं नाही तरी रस्ते पुढे कितीतरी दिवस लोकच झाडत होते. त्या बायकांच्या कष्टाला पैसे वाटले म्हणायचं?

राहिलं 26/11. मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात असं ते बोलले, खरंय, आणि तसं बोलायलाच नको होतं, मी त्याचं समर्थन करणार नाही. 1 डिसेंबर 2008 ला उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्रीपदाचा राजीनामा दिला. पण "तिथेच संपले" हे खोटं. 2009 ला परत गृहमंत्री झाले, गडचिरोलीचं पालकमंत्रीपद घेतलं, जिथे जायला बाकीचे मंत्री टाळायचे, 2014 ला पुन्हा निवडून आले आणि 16 फेब्रुवारी 2015 ला कॅन्सरने गेले तेव्हाही तासगावचे आमदारच होते.

मामा, ग्रुपवरचं ते फॉरवर्ड आजच डिलीट करा.