भिंतीबाहेरची दाद

मामांचा तो लांबलचक संदेश घरच्या ग्रुपवर आला तेव्हा इथे अमेरिकेत सकाळ होती आणि मी लेकीचा डबा भरत होतो. अमेरिकन पॉप गायिका टेलर स्विफ्टच्या ‘द एराज टूर’ या गाण्यांच्या दौऱ्याचा चित्रपट ३ नोव्हेंबर २०२३ला भारतात लागला. माझी भाची मैत्रिणींबरोबर तो बघायला गेली, गाण्यांवर उभी राहून नाचली. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आवाज चढवला, कुणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि फिरत फिरत ते मामांपर्यंत पोचलं. मामांचं म्हणणं थोडक्यात असं : पडद्यावर मैफल होत नसते. गाणारी बाई समोर नाही, तुमची दाद तिच्यापर्यंत पोचत नाही, मग हा धिंगाणा कुणासाठी? आणि पुण्याच्या श्रोत्याला हे शोभतं का?

त्यावर चौदा जणांनी अंगठे उमटवले. भाची काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

पुण्याचा श्रोता म्हणजे नेमका कोण? बालगंधर्वांच्या एकेका पदाला कसे वन्समोअर पडायचे, नाटक कसं रात्रभर लांबायचं, हे आम्हाला मामांनीच सांगितलं. तो श्रोता काय हाताची घडी घालून बसत होता? २०१६ साली ‘सैराट’ लागला आणि ‘झिंगाट’ सुरू झालं की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे जाऊन नाचायची. तेव्हा मामा फोनवर मला म्हणाले होते, “अरे, याला म्हणतात लोकांची दाद!” तिथेही नागराज मंजुळे किंवा अजय-अतुल थिएटरात बसलेले नव्हते. मग दाद कुणाला होती? आपल्या गावच्या पोरांनी केलं की दाद आणि कोथरूडच्या मुलींनी इंग्रजी गाण्यावर केलं की धिंगाणा, हे मला पटत नाही.

त्याच वर्षी, २०२३ मध्ये, ३० एप्रिलला ए. आर. रहमान पुण्यात गात असताना दहा वाजले आणि पोलीस मंचावर आले. मामांनी तेव्हा नियमाची बाजू घेतली. ठीक आहे, दहाचा नियम मलाही मान्य आहे. पण मैदानात दहानंतर नको, थिएटरात तर मुळीच नको, मग सोळा वर्षांच्या मुलीने नाचायचं कुठे? विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या काचा थरथरतात, तिथे?

इथे सिॲटलला हा प्रश्न कुणाला पडला नाही. एएमसी या थिएटरांच्या साखळीने आधीच सांगून टाकलं होतं : गा, नाचा, फक्त खुर्च्यांवर चढू नका आणि दुसऱ्याच्या आड येऊ नका. तिकीट होतं १९.८९ डॉलर, कारण टेलरचं जन्मसाल १९८९. आम्ही गेलो त्या खेळाला एक आजी चमचमतं जाकीट घालून आल्या होत्या. त्यांनी माझ्या लेकीच्या मनगटावर मण्यांची माळ बांधली आणि पुढचे पावणेतीन तास दोघी जागेवर बसल्या नाहीत. पुढच्या पायऱ्यांवर लहान मुली नाचत होत्या, त्यांचे बाप पॉपकॉर्न सांभाळत होते. कुणी कुणाकडे डोळे वटारून पाहिलं नाही. कुरकुर इथेही झाली, बसून शांतपणे बघायचं होतं म्हणणारे इथेही निघाले. पण कुणाची संस्कृती काढली गेली नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

काही जण म्हणतात की हा माहितीपटसुद्धा नाही. त्यात मुलाखती नाहीत, पडद्यामागची धावपळ नाही. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियमवर झालेलं गाणं टिपलं आणि दाखवलं. मला तेच बरोबर वाटतं. ज्याला आत शिरता आलं नाही, त्याला कलावंताच्या लहानपणाच्या आठवणी नको असतात, त्याला गाणं हवं असतं.

आम्हाला आत शिरता आलं नव्हतं. २२ आणि २३ जुलैला टेलर इथे ल्युमेन फील्ड स्टेडियमवर गायली. तिकिटं मिळाली नाहीत, आणि पुनर्विक्रीतला आकडा बघून मी लॅपटॉप मिटला. लेक रडली नाही, खोलीत गेली. मग मला काय वाटलं कोण जाणे, तिला लाइट रेलने घेऊन गेलो. स्टेडियमबाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर आम्ही तीन तास बसलो. आवाज येत होता, अर्धा गाण्याचा, अर्धा आतल्या सत्तर हजारांचा. जमीन हलत होती असं मी म्हटलं तर मामा हसतील, पण स्टेडियमजवळच्या भूकंपमापकावर त्या दोन रात्रींची थरथर नोंदली गेली आणि तिची तुलना २.३ तीव्रतेच्या भूकंपाशी झाली. लेक माझ्या खांद्याला टेकून प्रत्येक ओळ म्हणत होती.

तिथे बसल्या बसल्या मला रमणबाग आठवली.

नव्वदच्या दशकात पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा आणि रात्र रात्र चालायचा. मामा बँकेत होते, त्यांचं भारतीय बैठकीचं सीझन तिकीट असायचं. बाबा मंडईजवळच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. ते जेवून उठले की कानटोपी घालायचे, थर्मास आणि सतरंजी घ्यायचे आणि मला घेऊन रमणबागेच्या भिंतीबाहेर फुटपाथवर येऊन बसायचे. आमच्यासारखे आणखीही असायचे. मी दहा-अकरा वर्षांचा, निम्मी रात्र त्यांच्या मांडीवर झोपेत. पण एक चांगलं आठवतं : भीमसेनजींची तान समेवर आली की बाबा मान वर करून “वा!” म्हणायचे. भिंतीकडे बघून. मामा मध्येच बाहेर येऊन आमच्या थर्मासमधला चहा प्यायचे, आणि दोघं तासभर आधीच्या त्या तानेबद्दल बोलायचे. बाबांनी भीमसेनजी ऐकलेच नाहीत, असं मामा कधी म्हणाले नाहीत.

एराज टूरच्या यादीत भारत नव्हताच, त्यातल्या त्यात जवळचं सिंगापूर. भाचीसाठी ते थिएटर म्हणजे रमणबागेचा फुटपाथ होता. तिने तिथे “वा!” म्हटलं.

मला हे इतकं का लागलं, ते लिहायला अवघड जातंय. २००६ साली मी इथे आलो. त्यानंतर पुण्यातलं जे जे घडलं ते मी पडद्यावरच पाहिलं : भाचीचं बारसं, वाडा पाडला तो दिवस, आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. परवा भाऊबीज झाली. ताई पाटावर तांब्या ठेवते, त्याला टेकून फोन उभा करते, भोवती रांगोळी काढते आणि ओवाळते. निरांजन फोनजवळ आलं की इकडे माझा पडदा क्षणभर पांढरा होतो, काही दिसत नाही. मी डोकं पुढे करतो, अक्षता तिकडे काचेवर पडतात. पडद्यावर मैफल होत नसेल, तर मामा, मग हे काय असतं? ताई कुणाला ओवाळते?

मी पुण्याचा आहे असं इथे सगळ्यांना सांगतो. तुमचा संदेश वाचून पहिल्यांदा वाटलं, आपल्याला ते म्हणायचा हक्क उरला आहे की नाही.

मामा, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९५३ पासून चालत आलेला तो महोत्सव संपतो कसा? सगळे कलाकार गाऊन झालेले असतात, मंचावर कुणी गात नसतं. आणि सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावतात. ‘बिन देखे पडे नहीं चैन’, भैरवी. १९५२ साली गेलेला माणूस, जुनी खरखर, आणि सगळा मंडप स्तब्ध. तुम्ही डोळे मिटून, हात जोडून बसता. मी पाहिलंय तुम्हाला.

महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो, तुमचं तिकीट काढून झालं असेल. भाचीला बरोबर न्या. शेवटच्या दिवशी रात्री ती ध्वनिमुद्रिका लागेल तेव्हा माझ्याकडे सकाळ असेल. मला फोन लावा, काही बोलू नका, फोन तसाच बैठकीवर तुमच्या शेजारी ठेवा.