पूर्णेचे यार्ड आणि एका वाघिणीचा माल

गेल्या पंधरवड्यात नात्यातल्या कार्यासाठी परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेला जाणे झाले. जेवणे आटोपताच माझे पाय आपोआप रेल्वेच्या यार्डाकडे वळले, कारण वडील तेथे सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे फिरवणारे, होते आणि आमचे बालपण रेल्वे क्वार्टरमध्येच गेले. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा आणि येथून हिंगोलीमार्गे अकोल्याला जाणारा, असे दोन मीटरगेज (अरुंद रुळांचे) मार्ग या गावात मिळत, आणि वाफेच्या इंजिनांची शेडही येथेच होती. आज कडेच्या जागेत बाभळी माजल्या आहेत आणि त्या दुपारी मालधक्क्यावर एकही वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, उभी नव्हती.

त्या काळी मालगाडी आली की ती तोडून पुन्हा जुळवणे हेच यार्डाचे काम असे. प्रत्येक वाघिणीला ती कोठून आली आणि कोठे जाणार हे लिहिलेले लेबल असे, नंबरटेकर वहीत नंबर उतरवून घेत चाले आणि त्यावरून कोणती वाघीण कोणत्या लाइनीत जाणार हे ठरे. इंजिन मागून धक्का देई, सुटी वाघीण एकटीच पुढे जाई, वडील सांधा फिरवून हातबत्ती दाखवीत आणि दुसरा माणूस वाघिणीसोबत धावत जाऊन हातब्रेक दाबी. गाडी थांबली की तपासणीस हातोडीने चाक वाजवून आवाज ऐकत आणि अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पेटीला उलटा हात लावून पाहत. पेटी तापलेली आढळली तर वाघीण तेथेच काढून ठेवीत, मग तिच्यातल्या मालाचा मालक कितीही खोळंबला तरी चालेल. त्या उलट्या हाताच्या निर्णयाला मी आजही फार मानतो.

हे यार्ड ब्रॉडगेजने, म्हणजे रुंद रुळांनी, मारले असे गावात अनेक जण म्हणतात, ते मला पटत नाही. ब्रॉडगेज आपणच मागितले होते. मराठवाड्याचे ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी मराठवाडा जागा केला. मनमाडला एका गेजच्या वाघिणीतून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत माल हमालांकरवी चढवावा लागे, त्यात वेळ जाई आणि नासाडी होई. ते संपले हे चांगलेच झाले. खरे कारण निराळे आहे. १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक मागे टाकून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट जाणाऱ्या पूर्ण रेकवर, म्हणजे न तोडता धावणाऱ्या अख्ख्या मालगाडीवर, भर दिला. रेक तोडायचाच नसेल तर सांधेवाला, नंबरटेकर आणि यार्ड कशाला हवे?

कोळसा, सिमेंट, खत यांच्यासाठी हा हिशेब बरोबर आहे आणि त्याने वाघिणी वाटेत रखडणे थांबले, हेही मान्य केले पाहिजे. पण बंद वाघिणींचा पूर्ण रेक म्हणजे चाळीसहून अधिक वाघिणी आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल. वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे वाघीणभर माल असतो, रेकभर नसतो; त्यामुळे घरासमोरून रूळ जात असताना त्याला ट्रकच शोधावा लागतो.

लहान माल रेल्वेने घेताच येत नाही, हे मी मान्य करणार नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला शेतमालाची पहिली किसान रेल सुटली, तिला किमान वजनाची अट नव्हती आणि पुढे आपल्याच नांदेड रेल्वे विभागातल्या नगरसोलहून कांदा अशाच गाड्यांनी दूरवर गेला. भाड्यात अनुदान होते हे खरे, पण चार शेतकऱ्यांचा माल एका डब्यात भरून वेळेवर पोहोचवता येतो, हे त्यातून दिसले.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आठवड्यातला एक दिवस ठरवून पूर्णेहून हळद, सोयाबीन, कापूस अशा मिश्र मालाच्या वाघिणी घ्याव्यात, आणि त्याची वेळ व दर वसमत, परभणी आणि हिंगोलीच्या बाजार समित्यांत आधी लावावेत. मालधक्क्याचा चौथरा अजून मजबूत आहे, मी त्यावरून चालून आलो.