कुमारी अमुक, अज्ञान, तर्फे आई

लेकीला कथक नको झालंय. आता स्केटिंग हवंय, पुढच्या महिन्यात काय हवं असेल देव जाणे. पण क्लास सोडायचा तर दोन महिन्यांची नोटीस, तीही लेखी, तीही महिन्याच्या एक तारखेलाच. प्रवेश अर्जाच्या मागे बारीक अक्षरांत छापलंय. मी गेले सोमवारी, दोन तारखेला.

"मॅम, काल द्यायला हवी होती."

"काल रविवार होता. तुम्ही बंद होतात."

"हो, रविवारी बंदच असतो," काउंटरवरची मुलगी म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणजे आता नोटीस पुढच्या एक तारखेपासून धरणार, फी तीन महिन्यांची, वर 18 टक्के जीएसटी.

"कलम 106," बाकावरून आवाज आला.

कापडी पिशवी मांडीवर घेऊन एक आजोबा बसले होते. "मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882. महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस. पंधरा! त्यात माणूस अख्खा संसार हलवतो. तुम्हाला काय हलवायचंय ताई? घुंगरूच ना?"

कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त. माझ्या हातातला अर्ज घेऊन त्यांनी 'काही घरगुती कारणास्तव' एवढंच वाचलं, नाक मुरडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच सुरू केलं: "कुमारी अमुक, वय 8, अज्ञान, तर्फे अज्ञान पालनकर्ती आई."

"मी अज्ञान नाहीये," लेक उसळली. "मला सतराचा पाढा येतो."

"कायद्याने आहेस. अज्ञान म्हणजे अल्पवयीन. सोडण्याचं कारण?"

"कंटाळा आला."

"कंटाळा टिकत नाही. कुणाशी वैमनस्य?"

"तत्काराशी. त्या पायांच्या ठेक्याशी."

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'न झाल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल' असं करत पान भरलं. काउंटरवरच्या मुलीने ते न वाचता ट्रेमध्ये टाकलं आणि एक तारखेला पुन्हा आणायला सांगितलं.

मी विचारलं, "तुमचा नातू इथेच का?"

"तबला. सोडला त्याने गेल्या महिन्यात."

"मग तुम्ही कसे?"

"नोटीस चालू आहे ना! पैसे भरलेत. पंखा आहे, गार पाणी आहे, पेपर येतो. घरी कोण बसू देतंय निवांत?"

घरी येऊन मी मोबाइलवर कायदा धुंडाळला. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या कोचिंग सेंटरसाठीच्या मार्गदर्शक सूचना सापडल्या. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत! मी उठून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत व्याख्या वाचून झाली: खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम वगळून. म्हणजे जेईईवाल्यांना परतावा आणि ता थेई थेई तत ला ठेंगा. कलेला राजाश्रय नाही म्हणतात तो असा.

बरं, हे पैसे शिकवणाऱ्या ताईंना मिळत असते तर एक वेळ मी गप्प बसले असते. त्या चांगल्या शिकवतात. पण त्यांना तासावर पैसे मिळतात, मूल आलं नाही आणि बॅच रद्द झाली की तेही नाहीत. जिन्यात त्यांनीच सांगितलं, हळू आवाजात. मग आमची तीन महिन्यांची फी नेमकी कोण नाचवतं?

काल क्लासचा मेसेज आला: 'आपल्या पाल्याची उपस्थिती कमी आहे. सुधारणा न झाल्यास नाव कमी करण्यात येईल.'

मी तत्काळ लिहिलं, 'कराच.'

उत्तर आलं, 'मॅम, त्यासाठी लेखी अर्ज लागेल.'