हनोईच्या ओलीला शिव्या घालण्याआधी

फेब्रुवारी-मार्चात हनोईला जाऊन आलेल्यांची रड ठरलेली असते. ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, हॉटेलच्या फरशीला घाम फुटलाय, कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ. तिथले लोक या हवेला 'नोम' म्हणतात. समुद्रावरून येणारी कोमट, दमट हवा थंडीत गार पडलेल्या फरशीला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. आपला पाहुणा अशा वेळी हमखास खिडक्या उघडतो, हवा खेळू दे म्हणून. झालं, खोली आणखी ओली. तिथल्या घरातली बाई नेमकं उलट करते: दारं-खिडक्या घट्ट लावून घेते, फरशीला ओलं फडकं लावत नाही, एसी असेल तर 'ड्राय'वर टाकते.

पण या ओलीला नुसत्या शिव्या घालून परत येऊ नका. व्हिएतनामची सगळ्यात देखणी चित्रं ओलीतच वाळतात. हो, ओलीत वाळतात.

ही चित्रकला म्हणजे 'सन माय'. 'सन' म्हणजे एका झाडाचा चीक (आता कुठल्याही रंगाला तोच शब्द), आणि 'माय' म्हणजे घासणं. आपण तिला सरसकट लाखकाम म्हणून मोकळे होतो, ते चूक आहे. आपली लाख किड्याची. ती उष्णतेने वितळते आणि लेथवर फिरत्या लाकडाला दाबली की चढते. हा चीक झाडाचा, हनोईच्या वायव्येला फू थो भागात खास लागवड करून काढलेला. पहाटे, ऊन चढायच्या आत सालीला तिरके छेद द्यायचे आणि खाली शिंपला खोचून ठेवायचा, ही जुनी पद्धत. चीक काही महिने झाकून ठेवला की त्याचे थर पडतात. वरचा तेलकट थर उत्तम, तळाचा पाणचट. तळाचाही फुकट जात नाही, तो लांबी (खाचा-भेगा बुजवायचा लगदा) भरायला कामी येतो.

हे झाड बिब्बा आणि काजूच्या कुळातलं. त्यामुळे ज्यांच्या अंगावर कधी बिब्बा उतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. नवशिक्याचं तोंड सुजतं, हाताला फोड येतात. त्यावर व्हिएतनामी म्हणच आहे: चीक तोंड बघून खातो, भूत माणूस बघून धरतं. काहींना आयुष्यभर काही होत नाही, काहींना नुसत्या वासाने खाज सुटते.

आता वाळण्याचं. हा चीक वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं असं नाही. चिकातलं एक एन्झाइम हवेतला प्राणवायू घेऊन त्याला घट्ट करतं, आणि ते एन्झाइम दमट हवेतच नीट काम करतं. साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २५ ते ३० अंश तापमान असलं की काम सुरळीत. कोरड्या वाऱ्यात चिकाचा तोच हात, म्हणजे थर, चार-चार दिवस चिकट राहतो. म्हणून कारागीर बंद खोलीत किंवा कपाटात ओली फडकी टांगतात आणि फळ्या आत ठेवतात. उलटी गडबडही होते: हात जाड लागला की वरची साय लवकर धरते, आतला चीक कच्चा राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. मग सगळं घासून काढण्यावाचून इलाज नाही. पातळ हात आणि भरपूर सबुरी, दुसरा मार्ग नाही.

आधी फळी तयार होते. लाकडावर किंवा प्लायवूडवर चिकानेच कापड चिकटवायचं, त्यावर चीक आणि माती कालवून लांबी मारायची, वाळली की पाण्याखाली घासायची, पुन्हा लांबी, पुन्हा घासाई. चित्राची पहिली रेघ उमटायच्या आधीच यात काही आठवडे जातात. कापड चुकवलं तर लाकूड फुगता-आकसताना वरचा थर तडकतो. बाजारू मालात पहिली काटछाट इथेच होते, कारण आतलं कापड कुणाला दिसतंय?

रंगांची तऱ्हा तर आणखी मजेशीर. चीक लोखंडी भांड्यात लोखंडी दांड्याने तासन्‌तास घोटला की लोखंडाशी त्याची प्रक्रिया होऊन काळाभोर होतो. तोच चीक मातीच्या किंवा लाकडी भांड्यात घोटला तर तांबूस तपकिरी, पारदर्शक. त्या रंगाचं व्हिएतनामी नाव 'झुरळाचा पंख'. दिव्यासमोर धरून बघा, याहून नेमकं नाव सापडणार नाही. लाल हिंगुळाचा, झळाळी चांदी-सोन्याच्या वर्खाची. पांढरा मात्र नाहीच. चीक मुळात तपकिरी, त्यात पांढरी पूड घातली की ती मळकट दिसते. म्हणून पांढऱ्याला बदकाच्या अंड्याचं कवच. आतला पापुद्रा पूर्ण सोलायचा (राहिला तर तुकडा पुढे सुटून येतो), ओल्या चिकावर कवच ठेवून अंगठ्याने दाबायचं, की ते आपोआप बारीक तडकतं आणि भेगांतून काळा चीक वर येतो. पिवळसर-तपकिरी छटा हवी असेल तर कवच आधी भाजून घेतात. चित्रातल्या बाईचा पांढरा आओ झाय (व्हिएतनामी लांब झगा) जवळून पाहिला की हे भेगांचं जाळं दिसतं.

आणि शेवटी माय. वर्ख, कवच, लाल, सगळ्यावर चिकाचे हात चढवून चित्र अक्षरशः पुरून टाकतात. समोर उरते एक काळपट फळी. मग पाणी आणि वॉटर पेपर (पाण्यात घासायचा पॉलिश पेपर) घेऊन ते पुन्हा उकरून काढायचं. जिथे जास्त घासलं तिथे खालची चांदी उजळते, जिथे कमी तिथे लाल तसाच राहतो. चार घिस्से जास्त पडले की वर्ख गेला, खालचा काळा उघडा. अखेरची चकाकी कोळशाच्या मऊ पुडीने आणि तळहाताने येते. तैलचित्र काढणारा शेवटचा फटकारा कुठे द्यायचा ते बघत बघत ठरवतो. इथे तो फटकारा महिनाभर आधीच गाडलेला असतो. मला विचाराल तर ही चित्रकला कमी आणि उत्खनन जास्त.

देवळातल्या मूर्ती आणि घरातले पूर्वजांचे देव्हारे लाल-सोनेरी करायला हा चीक व्हिएतनाममध्ये शतकानुशतकं वापरात होता. त्याला भिंतीवरच्या चित्रात आणलं ते हनोईच्या कलाशाळेने. व्हिक्टर तार्द्यू या फ्रेंच चित्रकाराच्या पुढाकाराने ती १९२५ मध्ये सुरू झाली आणि १९३० च्या दशकात तिथल्या विद्यार्थ्यांनी थर देऊन घासण्याची ही रीत चित्रासाठी बसवली. म्हणजे 'प्राचीन व्हिएतनामी चित्रकला' असं गाइड सांगतो तेव्हा चीक प्राचीन, चित्र शंभर वर्षांच्या आतलं, एवढं मनात धरा. याच शाळेतला न्गुयेन झा ची (१९०८-१९९३) हा यातला सगळ्यात मोठा माणूस. हो ची मिन्ह सिटीच्या कला संग्रहालयात त्याचं नऊ फळ्यांचं वसंतातल्या बागेचं चित्र आहे. १९६९ ला सुरू केलेलं ते काम १९८९ ला संपलं. राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं हे चित्र स्वच्छ करताना भांड्यांचा साबण, घासायची पूड आणि पॉलिश पेपर वापरल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. दुसऱ्या चित्रावर पॉलिश पेपर म्हणजे ओरखडा. इथे तो चित्रकाराचा ब्रशच, म्हणजे सफाई करणाऱ्याने त्या चित्रावर पुन्हा हात चालवला म्हणायचं.

चीक फक्त भिंतीवर नाही, पाण्यातही आहे. हनोईत पर्यटक पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ बघतातच. त्या बाहुल्या उंबराच्या लाकडाच्या, आपल्या औदुंबराच्याच. तिथे हे झाड तळ्याकाठी सहज वाढतं, लाकूड हलकं, तरंगणारं, पण कुजायला वेळ लागत नाही. म्हणून त्यावर चिकाचे हात. खेळ बघताना बाहुलीच्या चेहऱ्याऐवजी पाण्याच्या रेषेकडे नजर ठेवा: कंबरेखालचा रंग आधी उडालेला दिसेल. मध्य किनाऱ्यावरच्या गोल टोपलीहोड्यांची गोष्ट वेगळी. त्या बांबूच्या विणीच्या, वर शेणाचा लेप आणि त्यावर दुसऱ्याच एका झाडाचं राळेसारखं तेल. शेणाने सारवलेली होडी म्हटल्यावर आपल्याला हसू येतं, पण विणीतली भोकं बुजवायला तंतूदार शेण झकास.

खरेदीचं बोलू, कारण फसवणूक तिथेच होते. हनोईच्या जुन्या बाजारातले झगझगीत वाडगे, ट्रे, डबे बहुतेक या चिकाचे नसतात. त्यावर एकतर कारखान्यातला कृत्रिम रंग असतो किंवा काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेला स्वस्त रंग, जो तिथेही सर्रास चालतो. त्यात पाप काही नाही, फक्त भाव खऱ्याचा लावू नये. ओळखायचं कसं? वस्तू खिडकीकडे तिरकी धरा. खऱ्या कामात काळ्याच्या आत खोली दिसते, तपकिरी झाक असते. नकली चकाकी वरच्यावर, काचेसारखी सपाट. कवचाच्या कडेवरून नख फिरवा. नीट घासलेल्या कामात नख अडत नाही. अडलं तर कवच वरून चिकटवून वार्निश मारलंय. स्वच्छ दुधी पांढरा किंवा फिकट निळा दिसला तर विषय संपला, तो रंग या चिकात येत नाही. शहराबाहेर 'हा थाय' नावाच्या गावात कारखाने आहेत, तिथे अर्धवट घासलेल्या फळ्याही बघता येतात. बाजारातल्या दहा दुकानांपेक्षा तिथला एक तास बरा.

घरी आणल्यावर ऊन लागेल अशा भिंतीवर आणि एसीच्या झोताखाली लावू नका. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात पातळ फळी वाकते आणि कडेला तडा जातो. पुसायला मऊ कोरडं सुती फडकं पुरे, काच पुसायचा फवारा नको. काळं वाटणारं चित्र काही वर्षांनी किंचित उजळलेलं दिसलं तर घाबरू नका, चीक वयाबरोबर पारदर्शक होत जातो. आणि तो झगझगीत वाडगा आणलाच असेल तर त्यात चिवडा ठेवा. गरम आमटी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच.